शिबिरानंतरचा चौथा महिना

कुरखेड्यात माझे झेरॉक्सचे दुकान आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या भागात जी युवा शिबिरे झाली, त्यांतल्या पुष्कळ शिबिरांचे कागद माझ्याच यंत्रातून निघाले. वेळापत्रके, गाण्यांची पाने, गटचर्चेचे प्रश्न, स्वयंसेवकांसाठीच्या पुस्तिका, आणि सगळे आटोपल्यावर अहवाल. संबंधितांना विचारून एकेक प्रत मी ठेवून घेत गेलो. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. संशोधनाचे रीतसर वळण कुणी लावले नाही. कागद जमवायचे, ते पुन्हा पुन्हा वाचायचे आणि त्यांत काय नाही ते शोधायचे, एवढीच माझी पद्धत. या गठ्ठ्याकडे मराठीतला एक दुर्लक्षित गद्यप्रकार म्हणून पाहावे असे मला बरेच दिवस वाटत होते.

या गद्याचा आराखडा ठरलेला असतो. उद्घाटनाला एक परिच्छेद, पाहुण्यांच्या व्याख्यानांना दोन पाने, श्रमदानाला अर्धे पान, समारोपाच्या रात्री मुलांना आलेल्या गहिवराला पुन्हा एक परिच्छेद. मग अभिप्राय. आणि शेवटच्या पानावर, आभारांच्या जरा आधी, हे वाक्य: ‘शिबिरार्थींचा नियमित पाठपुरावा करण्यात येईल.’ या वाक्याला कर्ता नाही. पाठपुरावा कोण करणार, किती दिवसांनी, कशाने जाणार, हे काम त्याला कुणी शिकवले, आणि तो थकला की त्याची चौकशी कोण करणार, यातले काहीच त्यात नाही. सरकारी मराठीने आपल्याला ही ‘करण्यात येईल’ची सोय करून दिली आणि युवाकार्याच्या लेखनात ती कायमची मुक्कामाला आली. कामात जी जागा रिकामी आहे, तीच वाक्यात रिकामी दिसते, असे माझे म्हणणे आहे.

आमचा मुलूख शिबिरांनी घडवलेला आहे, म्हणून हे बोलणे जड जाते. बाबा आमट्यांनी सोमनाथला १९६७ मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि महाराष्ट्रभरची पोरे चंद्रपूरच्या मे महिन्याच्या उन्हात कुदळ मारायला येऊ लागली. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते इकडे आले. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी १९८४ मध्ये ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था उभी केली ती कुरखेड्यातच. शोधग्रामला २००६ पासून डॉ. अभय आणि राणी बंग यांचा ‘निर्माण’ उपक्रम चालू आहे. तिथे एकाच शिबिरावर थांबत नाहीत, शिबिरांची मालिका असते, हे मुद्दाम नोंदवतो. एक शिबिर पुरत नाही हे ज्यांना उमगले, त्यांच्या या जिल्ह्यात मी हे लिहितो आहे. माझा रोख आहे तो या मोठ्या शिबिरांची नक्कल करणाऱ्या शेकडो लहान उपक्रमांवर. त्यांनी गाणी उचलली, मशाल उचलली, वर्तुळात बसणे उचलले, आणि नंतरचे चिवट काम तेवढे मागे राहिले.

त्यातल्याच एका उपक्रमात मी होतो. १९९०-९१ची गोष्ट. वय एकवीस. एका शिबिरानंतर मला एका वसतिगृहातली पाच मुले ‘दिली’ गेली. हाच शब्द होता. मी त्यांचा दादा. तयारी म्हणून एका संध्याकाळी तासभर भाषण ऐकले. सायकलने चार वेळा गेलो. मुले वाट पाहायची, एक तर फाटकाशी उभाच असायचा. मग पाऊस लागला, रोवणी आली, नाल्याला पूर आला, आणि पाचवी खेप राहून गेली. राहून गेली म्हटल्यावर जायची लाज वाटू लागली आणि लाजेमुळे सहावीही राहिली. कुणी मला विचारले नाही. त्यांच्या अहवालात मी ‘सक्रिय स्वयंसेवक’ होतो. दोन-तीन वर्षांनी वडसा स्टेशनवर तो फाटकातला मुलगा भेटला. ओळखून जवळ आला आणि म्हणाला, “दादा, तुम्ही येणार होते ना?” आवाजात राग नव्हता. त्याने शाळा सोडली होती. माझ्यामुळे सोडली असे म्हणण्याइतका मी मोठा नाही. पण माझे त्याच्या आयुष्यात येणे आणि जाणे अगदीच निरुपद्रवी होते, असेही आता मला म्हणवत नाही.

आपल्या साहित्यात या पाचव्या खेपेला जागा का नाही, याचा विचार करताना मी ‘श्यामची आई’ पुन्हा काढली. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक तीन पिढ्यांनी आईसाठी वाचले, आईसाठी रडले. पण त्याची चौकट पाहा. एका आश्रमात श्याम नावाचा तरुण रोज रात्री आपल्याहून लहान आणि बरोबरीच्या सोबत्यांना एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. सोबती प्रश्न विचारतात, कधी एखादा मध्येच अस्वस्थ होतो, उद्या पुन्हा बसायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. आज ज्याला इंग्रजी शब्दाने ‘मेंटरिंग’ म्हणतात, त्याचा मराठीतला सर्वांत लोकप्रिय नमुना हाच असावा. आपण मात्र चौकट टाकून चित्र घेतले. रात्रींना आकडे आहेत, पण ते प्रकरणांचे आकडे म्हणून आपण ओलांडतो. माझ्या लेखी त्या पुस्तकातली मोलाची गोष्ट आहे ती सलगता: सांगणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच असतो.

साने गुरुजींना हे पुस्तकातून सुचले नव्हते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहून काढत. रोज! वर्गात पाऊणशे मुलांना एकदम भाषण देणारा शिक्षक आणि रात्री कंदिलापाशी उद्याचा अंक लिहीत बसणारा गृहप्रमुख, यांतला दुसरा आपल्या स्मरणातून निसटला. पुढे १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाचा कणाही शाखा हाच होता. शिबिर वर्षाकाठी, शाखा रोजची. शाखा कशी चालवायची याचे धडे पोरांना त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या पोरांकडूनच मिळत. आज शिबिर टिकले आणि शाखा विरळ झाली, याची कारणे राजकीय आहेत तशी सोयीचीही आहेत. शिबिराला देणगी मिळते, छायाचित्र निघते. रोज संध्याकाळी मैदानावर जाणाऱ्या मुलाचे छायाचित्र कोण काढणार?

असेच वाचन आणखी एका पुस्तकाचे झाले. आमच्या पूर्वेला लागून असलेल्या बस्तरमधल्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नाव काढले की सुशिक्षित मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात, कारण त्यांनी त्यातले स्त्रीपुरुष संबंधांचेच तेवढे ऐकलेले असते. खरे पाहता तो ग्रंथ मोठ्या प्रमाणावर व्यवस्थेविषयी आहे: लहानांनी लाकडे आणायची, मोठ्यांनी लहानांना कामे आणि रीत शिकवायची, प्रत्येक पदाला नाव आणि प्रत्येक नावाला कर्तव्य. घोटुलाला आदर्श ठरवण्याचा माझा इरादा नाही. त्यात धाकही होता, दंडही होता. पण तिथल्या थोरल्याला आपले काम काय हे माहीत होते आणि त्याने ते केले नाही तर दुसऱ्याच दिवशी कळत होते. एक पुस्तक आपण अश्रूंसाठी वाचले, दुसरे कुजबुजीसाठी, आणि दोन्हींतली रोजची बैठक नजरेआड केली. मेंढा-लेखाचेही तेच. २००९ मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क आणि त्या गावाची घोषणा सगळ्यांना पाठ आहे; त्याआधी कित्येक वर्षे तिथे नेमाने बसणारा अभ्यासगट फार थोड्यांना.

इथवरचे म्हणणे हळहळ म्हणून सोडून देता आले असते. मात्र मोबाइलवर कोश उघडून इंग्रजी निबंध वाचायची खोड लागल्यावर माझी झोप उडवणारे दोन अभ्यास हाती आले. पहिला केंब्रिज-सॉमरव्हिलचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ ते १९४५ या काळात ५०६ मुलगे घेतले, सारख्याला सारखा अशा जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला मार्गदर्शक दिला आणि दुसऱ्याला काहीच दिले नाही. मार्गदर्शक घरी जात, अभ्यास घेत, उन्हाळी शिबिराला पाठवत. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या बाईंनी त्या मुलांचा, म्हणजे आता प्रौढ झालेल्या माणसांचा, माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी ‘आम्हाला फायदा झाला’ असे सांगितले. नोंदी मात्र उलट बोलत होत्या. दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू, पुन्हापुन्हा गुन्हा, अशा कित्येक बाबतींत मदत मिळालेलेच मागे होते. पुढे याच अभ्यासाच्या फेरतपासणीत असे दिसले की नुकसान मुख्यतः एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांत साठले होते. तिथे बिघडलेली मुले एकमेकांना शिकवत असावीत, असा तर्क मांडला गेला.

आमची शिबिरे तशी आहेत असा निष्कर्ष कुणी काढू नये. काळ वेगळा, मुले वेगळी. पण अभिप्रायाच्या त्या कागदांचे काय करायचे? माझ्या गठ्ठ्यात तेच सर्वांत जास्त आहेत. ‘जीवनाला दिशा मिळाली’, ‘कधीच विसरणार नाही’. समारोपाच्या सकाळी, डोळे ओले असताना लिहून घेतलेले. मॅककॉर्डबाईंच्या माणसांनीही मनापासूनच सांगितले होते.

दुसरा अभ्यास ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’चा. एकेका मुलाला एकेक मोठा सोबती जोडून देणारी ही अमेरिकी संस्था १९०४ पासूनच्या कामात आपली मुळे सांगते. १९९५ च्या पाहणीत तिच्या आठ शाखांतली ९५९ मुले दीड वर्ष पाहिली गेली आणि फायदा स्पष्ट दिसला: शाळेला दांडी कमी, व्यसनाची सुरुवात कमी. त्याच आकडेवारीकडे ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये पुन्हा पाहिले आणि विचारले, सोबत किती काळ टिकली? वर्षभर किंवा अधिक टिकली तिथे फायदा सर्वांत जास्त. तीन महिन्यांच्या आत तुटली तिथे मुलांचे स्वतःविषयीचे मत, सोबती न मिळालेल्या मुलांच्या मानाने, खाली आले होते. माझ्या चार खेपांचा हिशेब साधारण तेवढाच भरतो.

यापुढे ‘निदान काहीतरी केले’ हे समाधान टिकत नाही. दादा होणे अर्धवट केले तर ते न करण्यापेक्षा वाईट ठरू शकते. मग ज्याला दादा करायचे त्याला तयार करणे आणि पुढे त्याला धरून ठेवणे हे कामाचे परिशिष्ट राहत नाही, तेच काम होते. आणि हे कसे करतात याचा धडा आमच्याच जिल्ह्यात, सगळ्या जगाने वाचावा असा, लिहिला गेला आहे.

गडचिरोलीतल्या ३९ गावांत ‘सर्च’ने गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी घटल्याचे डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. या कथेचे मराठीतले कथन नेहमी दोन टोकांना असते: इकडे डॉक्टर दांपत्य, तिकडे खेड्यातली निरक्षरप्राय पण धीराची बाई. मधला माणूस गाळला जातो. आरोग्यदूताकडे ठरावीक दिवसांनी कुणीतरी येत होते, तिची नोंद तपासत होते, चुकले तर तिथल्या तिथे दाखवत होते. ती बाई एकटी नव्हती. तिच्या धैर्याची वर्णने वाचताना मला सारखे वाटते की तिच्या वहीत लाल शाईने दुरुस्ती करणाऱ्यावरही एक परिच्छेद हवा होता. आमच्या वाङ्मयाला प्रेरणा देणारा दिसतो, प्रेरणा घेणारा दिसतो. तपासायला येणारा दिसत नाही.

बाळाच्या छातीसाठी जी शिस्त आपण पाळली ती सोळा वर्षांच्या पोराच्या मनासाठी पाळता येत नाही, असे मला अनेक कार्यकर्त्यांनी ऐकवले आहे. ‘हे आतून यावे लागते, प्रेमाला तक्ता नसतो.’ आक्षेप पोकळ नाही. जंतुसंसर्गाची लक्षणे मोजता येतात, मुलाचे गप्प होणे मोजता येत नाही. पण म्हणूनच दादाला दुसरा कुणीतरी हवा, ज्याला तो सांगू शकेल की मुलगा गप्प झालाय आणि मला काय करावे सुचत नाही. जिथे मोजमाप आहे तिथे एकट्याने चालवता येते एखादवेळ. जिथे मोजमाप नाही तिथे एकटा माणूस आपल्या समजुतीत हरवतो.

राष्ट्रीय सेवा योजना पाहा. १९६९ मध्ये गांधी शताब्दीच्या वर्षी सुरू झाली. विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचे विशेष शिबिर. आमच्याकडच्या महाविद्यालयांत, २०११ नंतर गोंडवाना विद्यापीठाच्या छायेत, ती मनापासून चालवणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. पण एका कार्यक्रम अधिकाऱ्यामागे शंभरेक विद्यार्थी. तास मोजले जातात, कारण तास मोजता येतात. त्या तासांत कुणी कुणाचा दादा झाला का, आणि झाला तर पुढे काय, हा रकाना नाही. आरोग्य खात्याच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१४ पासून, गावातल्याच किशोरांना ‘साथिया’ करण्याची कल्पना आहे. तिच्यासाठी आलेले साहित्य, खेळ आणि चित्रांसह, मला पुष्कळच बरे वाटले. ते निदान मुलांच्या तोंडी ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्य शोभेल अशा सुरात लिहिलेले आहे.

आमच्या पुस्तिकांत नेमके हेच वाक्य नसते. त्यांत दादाने काय बोलावे याची पाने असतात: ध्येय कसे ठरवावे, वेळेचे नियोजन, थोरांचे प्रसंग. कसे ऐकावे याला चार ओळी. मुलगा घरी गोंडी बोलतो, रस्त्यावर झाडीबोली, वर्गात पुस्तकी मराठी. दादाने यातली कोणती घेऊन त्याच्याशी बसावे, यावर मी एकही ओळ वाचली नाही. ‘मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायला सांगितलेला असतो. ज्या घरात बापाचे मोहफूल आणि तेंदूपत्त्याचे हिशेबच या हंगामापलीकडे जात नाहीत, तिथे हा प्रश्न पोराला परीक्षेसारखा वाटतो. आणि आमच्या भागात उपऱ्या दादाची गरज कुणाला लगेच पटतही नाही. प्रत्येकजण आधीच कुणाचा तरी मामा, भाटवा असतो. त्या नात्यांत शिरायचे कसे, हे शिकवावे लागते. गडचिरोली पोलिसांनीसुद्धा आपल्या योजनेला ‘दादालोरा खिडकी’ असे गोंडी नाव घेतले, यावरून थोरल्या भावाच्या शब्दाला इथे काय किंमत आहे ते कळावे. या शब्दासाठी इथे बरीच वर्षे झटापट चालू आहे. जंगलातले दलमही पोरांकडे थोरला भाऊ म्हणूनच आले होते, आणि ते पुन्हा पुन्हा येत राहिले. त्याची काय किंमत पडली ते कुरखेड्याला सांगायला नको. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ जवान आणि एक चालक गेले.

दुसरी गाळलेली बाब दादाची पारख. अमेरिकेतल्या ‘मेंटर’ संस्थेच्या २०१५ च्या मानकांत सहा टप्पे आहेत: शोध, पारख, प्रशिक्षण, जोडी, देखरेख आणि आधार, निरोप. जोडी लावण्यापूर्वी किमान दोन तासांचे समोरासमोर प्रशिक्षण, पहिल्या महिन्यात दोनदा आणि मग दर महिन्याला संपर्क. त्यातले बरेच आमच्या कामाचे नाही. एकाला एक ही जोडी शहरी एकटेपणाला धरून आहे. पण ‘पारख’ वाचून मी थबकलो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतरही आमच्या पुस्तिकांत याविषयी लाजरे मौन आहे. ‘चांगल्या घरचा मुलगा आहे’ ही आमची पारख. वसतिगृहात जाणाऱ्या परक्या तरुणाविषयी एवढे पुरत नाही, आणि हे सांगितल्याने चांगल्या मुलांचा अपमान होतो असे मानणे हा पुन्हा प्रेरणेच्या वाङ्मयाचाच परिणाम. त्या वाङ्मयात स्वयंसेवक जन्मतःच शुद्ध असतो.

सहावा टप्पा, निरोप, तर आमच्याकडे कल्पनेतही नाही. दादाला नोकरी लागते, ताईचे लग्न होते, आणि मुलांना ते दुसऱ्याकडून कळते. समारोपाच्या रात्री इतके रडणारे आम्ही, खऱ्या निरोपाच्या वेळी गैरहजर असतो. मी होतोच.

यंदा जूनमध्ये ओळखीच्या काही तरुणांनी त्यांच्या लहानशा उपक्रमाची पुस्तिका छापण्याआधी मला वाचायला दिली. मी गाण्यांची पाने तशीच ठेवली, गाणी लागतात. ‘पाठपुरावा करण्यात येईल’ खोडले आणि तिथे एक तक्ता आखला. डावीकडे अकरा स्वयंसेवकांची नावे, उजवीकडे दर पंधरा दिवसांनी त्या स्वयंसेवकाला भेटणाऱ्याचे नाव, आणि रोवणीच्या दिवसांत त्याच्या जागी कोण जाणार त्याचे. त्यांना ते थोडे कोरडे वाटले. एक मुलगी म्हणाली, “काका, हे शाळेच्या हजेरीसारखं दिसते.” मी म्हटले, तसेच आहे. उजवीकडची सात नावे भरली गेली आहेत. चार जागांसाठी मोठी माणसे मिळेनात, आणि त्या चार जणांना तोवर मुले द्यायची नाहीत यावर त्यांचे आपसात अजून वाजते आहे. धानाची कापणी उरकली की पुन्हा दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे ठरले आहे.